खुर्द्याचा हिशेब



पानिपतावर व्याख्यान आहे म्हटल्यावर तुमच्या मनात काय काय आलं असेल याचा मला अंदाज आहे. दत्ताजी, विश्वासराव, भाऊसाहेब, इब्राहिमखान गारदी. गोलाची लढाई बरोबर होती की गनिमी कावा. मल्हाररावांनी केलं ते शहाणपण की आणखी काही. यावर मराठी माणूस रात्रभर भांडू शकतो, आणि खुशाल भांडावं. मी आज त्यातल्या कशावरच बोलणार नाही. मी बोलणार आहे पिठावर. पीठ, सरपण, वैरण आणि पाणी.

याला कारण माझी नोकरी. मी आर्मी सर्व्हिस कोअरमधला माणूस. लढाऊ पलटणीतले मित्र आम्हाला गमतीनं 'वाणी' म्हणतात. आम्ही रागावत नाही, कारण जेवणाची वेळ झाली की ते आमच्याकडेच बघतात. आमच्या कोअरचं मूळ १७६० सालापर्यंत मागं नेलं जातं आणि ८ डिसेंबरला वर्धापनदिन असतो. १७६० चा डिसेंबर म्हणजे पानिपतच्या छावणीचे सगळ्यात वाईट दिवस सुरू झाले तोच महिना. योगायोग आहे, पण ही सनावळी आमच्यासारख्या माणसाला स्वस्थ बसू देत नाही.

पानिपतची बातमी पेशव्यांना कळली ती एका सावकारी पत्रातून, हे तुम्हाला ठाऊक आहे. सांकेतिक भाषेतलं पत्र. त्यात मोत्यांचा आकडा आहे, मोहरांचा आकडा आहे. म्हणजे कोण मोठे पडले ते मोजून सांगितलंय. आणि रुपये-खुर्दा किती गेला, त्याची मात्र गणतीच नाही. आज मला त्या खुर्द्याबद्दल बोलायचंय. कारण हा खुर्दा पुढं आपण फक्त मोजायचा राहिलो नाही, तर त्याच्यावरच पराभवाचं खापर फोडलं. शब्द तुमच्या ओठावर आला असेल: बाजारबुणगे. "एवढे बाजारबुणगे बरोबर नेले म्हणून हरले." शाळेत ऐकलं, भाषणांत ऐकलं, चित्रपट बघून बाहेर पडताना ऐकलं. माझं म्हणणं एवढंच आहे, की हे वाक्य बोलण्याआधी एकदा शिध्याचा हिशेब मांडून बघावा.

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. तुमच्यापैकी जे दिल्लीत, नोएडात, गुरुग्रामात राहतात त्यांच्यासाठी सोपं आहे. पानिपत दिल्लीपासून उत्तरेला नव्वदेक किलोमीटर. आज ते राजधानी क्षेत्रातच मोडतं. पूर्वेला यमुना, पलीकडे दुआब. पानिपतच्याही उत्तरेला, कर्नालजवळ कुंजपुरा. ऑक्टोबर १७६० मध्ये, १७ तारखेला, मराठ्यांनी कुंजपुरा जिंकला. तिथं अब्दालीसाठी साठवलेलं धान्य हाती लागलं. फौज काही दिवस पोटभर जेवली. आणि फौज कुरुक्षेत्राच्या वाटेवर असताना बातमी आली, की अब्दालीनं बागपतजवळ यमुना ओलांडली. म्हणजे तो मराठ्यांच्या आणि दिल्लीच्या मध्ये येऊन बसला.

नकाशा नीट बघा. मराठे उत्तरेला, अब्दाली दक्षिणेला. मराठ्यांचं घर दक्षिणेला, अब्दालीचं उत्तरेला. प्रत्येकजण दुसऱ्याच्या घरच्या वाटेवर बसलाय. अशा वेळी ज्याला आडवाटेनं शिधा मिळतो तो टिकतो. अब्दालीला ती आडवाट होती: दुआब आणि नजीबखानाचा रोहिलखंड. मराठ्यांना होती ती पतियाळाच्या आलासिंगाकडून येणारी मदत, आणि दिल्लीच्या बाजूनं चोरून येईल तेवढं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत, म्हणजे सुमारे ७५ दिवस, फौज पानिपतात होती. छावणीभोवती आणि गावाभोवती खंदक खणला. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला काशिराज पंडित हा समोरच्या गोटातला साक्षीदार. तो या खंदकाची मापं देतो: ६० फूट रुंद, १२ फूट खोल, आतल्या बाजूला मातीचा बांध आणि त्यावर तोफा.

आता कागद-पेन्सिल घ्या. एक फूट लांबीच्या खंदकाला माती किती? साठ गुणिले बारा, ७२० घनफूट. साध्या जमिनीत कुदळ-फावड्यानं एक माणूस दिवसाला साधारण १०० घनफूट खणतो. मजुरीच्या कामाचा हा जुना ढोबळ अंदाज आहे. म्हणजे एक मैल खंदकाला सुमारे ३८,००० मजूरदिवस. काशिराजाची मापं फुगवलेली वाटत असतील तर निम्मी माती धरा. तरी मैलाला १९,००० दिवस. आणि खंदक एक मैलाचा नव्हता. त्यात छावणी आणि गाव दोन्ही होतं.

हा खंदक कोणी खणला? शिलेदारानं? घोड्यावर बसणारा स्वार कुदळ हातात घेत नसे. कवायती गारद्यांना रोख पगार होता तो बंदुकीचा. खंदक खणला बेलदारांनी, मजुरांनी, छावणीतल्या पडेल ते काम करणाऱ्या हातांनी. ज्या खंदकामुळे अब्दालीला अडीच महिने छावणीवर सरळ चालून येता आलं नाही, तो खंदक बाजारबुणग्यांनी खणलेला आहे. ही पहिली नोंद.

आता त्यांच्या पोटाकडे येऊ. छावणीत माणसं किती होती यावर इतिहासकारांचं एकमत नाही. लढणारे चाळीस हजारांपासून साठ हजारांपर्यंत सांगतात, आणि न लढणारे तितकेच किंवा त्याहून जास्त. मी सोयीसाठी एकूण एक लाख धरतो. खरा आकडा मोठा असेल तर माझा हिशेब आणखी बळकट होतो, एवढं लक्षात ठेवा.

थंडीत कष्ट करणाऱ्या माणसाला दिवसाला ६०० ग्रॅम धान्य, ही काही चैन नव्हे. एक लाख माणसं म्हणजे रोज ६० टन. ७५ दिवसांचे ४,५०० टन. त्या काळी ट्रक नव्हते, वंजाऱ्यांचे बैल होते. पाठीवर गोणी टाकलेला बैल साधारण १०० किलो नेतो. म्हणजे रोज ६०० बैल छावणीत पोचले पाहिजेत. लादलेला बैल दिवसाला पंधरा किलोमीटर चालतो असं धरा. दिल्लीहून पानिपत सहा दिवस, परत जायला सहा. म्हणजे निदान ७,२०० बैल सतत वाटेवर हवेत, एकही लुटला न जाता. हे फक्त माणसांच्या धान्याचं. मीठ, तेल, तूप, डाळ, मिरची अजून मोजलेलीच नाही. त्या बैलांनी वाटेत काय खायचं तेही नाही.

बरं, धान्य आलं. गहू आला. गहू कोणी खात नाही, भाकरी-पोळी खातात. मग गहू दळायला हवा. त्यातला अर्धा भाग तांदूळ, डाळ, घुगऱ्या असा धरला तरी रोज ३० टन दळण उरतं. हाताच्या जात्यावर एक बाई तासाला दोन-अडीच किलो दळते. ज्यांनी आजीला पहाटे दळताना पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. अडीच किलो धरा. रोज बारा हजार तासांचं दळण झालं. एका जात्यावर तीन तास काम, तर चार हजार जाती रोज फिरायला हवीत. हा हिशेब माझा आहे, बखरीतला नाही. पण जात्याचं गणित अठराव्या शतकात आणि आज वेगळं नसतं. ती चार हजार जाती कोण फिरवत होतं? "बरोबर बायका कशाला नेल्या" असं विचारणाऱ्यांनी हा प्रश्न स्वतःला एकदा विचारावा. छावणीतल्या सगळ्याच बायका यात्रेला आलेल्या नव्हत्या. मोठ्या संख्येनं त्या फौजेची पिठाची गिरणी होत्या.

पीठ झालं. आता चूल. माणशी रोज अर्धा किलो सरपण म्हटलं तर ५० टन लाकूड. अडीच महिने. पानिपतच्या आसपासचं एकेक झाड, एकेक झुडूप, मोडक्या गाड्यांची लाकडं, शेणाच्या गोवऱ्या, सगळं चुलीत गेलं असणार. सरपण हा शिध्यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. धान्याचं कोठार भरलेलं आहे आणि सरपण नाही, तर फौज उपाशीच. मी उंच डोंगरातल्या चौक्यांना शिधा पुरवलाय. तिथं आम्ही आधी रॉकेल मोजतो, मग तांदूळ. वर पाणी लवकर उकळतं पण भात शिजत नाही, म्हणून प्रेशर कुकर लागतो आणि त्यालाही जाळ लागतो. चूल विझली की कोठाराला अर्थ उरत नाही.

आणि हे सगळं झालं माणसांचं. खरा खाणारा अजून यायचाय. घोडा.

छावणीत ४०,००० घोडी धरा. घोड्याला दिवसाला दोन किलो चंदी, म्हणजे हरभरा वगैरे दाणा, आणि आठ किलो वैरण. दोन्ही मिळून ४०० टन. माणसांचं ६० टन, घोड्यांचं ४०० टन! शिवाय घोडं दिवसाला तीसेक लिटर पाणी पितं. ४०,००० घोड्यांना १२ लाख लिटर, विहिरीतून शेंदून किंवा पखालीनं वाहून. तोफांचे बैल, सामानाचे उंट, हत्ती वेगळे. म्हणून जुन्या फौजांत प्रत्येक घोड्यामागे मोतद्दार असे आणि गवत कापून आणणारा असे. कंपनीच्या घोडदळातही गवत कापणारे नोकर स्वतंत्र असत. ती मंडळी कुठल्या पलटणीच्या इतिहासात सापडत नाहीत, पण घोडं त्यांच्याच जिवावर उभं राहतं. जुन्या मराठीत चारा-लाकूड आणायला बाहेर पडणाऱ्या टोळीला 'कही' म्हणत. कही गेली आणि परत आली, तर फौज जगते.

आता छावणीत शिधा वाटला कसा जात होता ते बघा. आजच्यासारखं सरकारी कोठार, शिपायाला ठरलेलं माप, असं तेव्हा नव्हतं. सरदाराकडे थोडाफार साठा असे. बाकी शिपाई पगार घेई आणि छावणीच्या बाजारातून विकत घेई. बाजार म्हणजे वाणी, भडभुंजा, तेली, कासार, नालबंद, लोहार, सावकार, सराफ. बाजार फौजेबरोबर चाले. फौजेचा शिधाविभाग म्हणजेच तो बाजार. 'बाजारबुणगे' या शब्दातला बाजार हा असा आहे. आज माझ्या कोअरमध्ये जे काम गणवेश घालून, हजेरीपटावर नाव लावून होतं, ते काम तेव्हा ही माणसं करीत होती. गणवेश नव्हता, पेन्शन नव्हतं, आणि पराभव झाल्यावर शिवी मात्र वाट्याला आली.

या व्यवस्थेचा प्राण म्हणजे रोकड. पैसा फिरला तर बाजार फिरतो. म्हणून भाऊसाहेबांची सगळी तगमग पैशासाठी आहे. दिल्लीच्या लाल किल्ल्यात दिवाण-ए-खासचं रुपेरी छत काढून वितळवलं आणि त्याचे सुमारे नऊ लाख रुपये पाडले, ते याचसाठी. ती हौस नव्हती. गोविंदपंत बुंदेल्यांना पाठवलेली पत्रं वाचा; इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली आपल्या साधनांच्या पहिल्याच खंडात पानिपतकाळातली पत्रं छापली. त्यातला सेनापती पुन्हापुन्हा दोनच गोष्टी मागतो: पैसा पाठवा, आणि शत्रूची रसद मारा. लढाई कशी करायची हे त्याला कळत होतं. शिधा संपत चाललाय हेही कळत होतं. पोटाचा विचार न करणारा सेनापती अशी पत्रं लिहीत नाही.

मग अडलं कुठं? वाटेवर. शिध्याचं सगळं गणित शेवटी वाटेवर येऊन थांबतं. कोठारात किती आहे यापेक्षा उद्या किती पोचेल हे महत्त्वाचं असतं. कुंजपुऱ्याचं कोठार मोठं होतं, पण ते कोठार होतं, वाहती वाट नव्हती. रोज ६० टन उपसा असेल तर कुठलंही कोठार दिवस मोजत असतं.

गोविंदपंतांनी दुआबात घुसून अब्दालीची रसद तोडायला सुरुवात केली. आज दिल्लीच्या पूर्वेला गाझियाबाद-मेरठचा जो पट्टा आहे, तोच हा दुआब. त्याचा परिणामही झाला. अफगाण गोटातही धान्य कडाडलं. हे लक्षात घ्या, की उपासमारीची शर्यत दोन्हीकडून चालू होती. कोण आधी मोडतो एवढाच प्रश्न होता. डिसेंबरमध्ये अताईखानाच्या स्वारांनी गोविंदपंतांना बेसावध गाठलं आणि ते मारले गेले. गोविंदपंत मुळात वसुलीचा माणूस, पण त्या एका माणसाच्या मरणानं अब्दालीची वाट मोकळी झाली. माझ्या दृष्टीनं पानिपतची लढाई त्या दिवशी फिरली. १४ जानेवारीला तिचा निकाल लागला.

त्यानंतरच्या दोन घटना सांगतो. पहिली काशिराज सांगतो. एका रात्री छावणीतली माणसं लाकूडफाटा आणायला खंदकाबाहेर पडली. शहापसंदखानाच्या गस्ती स्वारांनी त्यांना घेरलं आणि कापून काढलं. काशिराज आकडा देतो वीस हजारांचा. आकडा जास्त वाटतो, मलाही वाटतो. पण शून्यं कमी केली तरी घटना तीच राहते. ही माणसं तलवार घेऊन गेली नव्हती, कुऱ्हाडी-विळे घेऊन गेली होती. चूल पेटावी म्हणून गेली होती. सैन्याच्या भाषेत हे शिध्याच्या कामावर आलेलं मरण. आज असं मरण आलं तर नाव दगडावर कोरतात. त्या रात्रीतलं एकही नाव आपल्याला माहीत नाही.

दुसरी घटना जानेवारीतली. दिल्लीहून नारोशंकरांनी रोकड पाठवली. पराशर दादाजीची टोळी ती घेऊन रात्री निघाली. जानेवारीतली इथली रात्र तुम्हाला माहीत आहे. हात पुढे केला तर हात दिसत नाही असं धुकं असतं. टोळी वाट चुकली आणि थेट अफगाणांच्या गोटात शिरली. मराठी बोलणं ऐकू आलं आणि संपलं सगळं. पैसा गेला, म्हणजे बाजार गेला, म्हणजे पीठ गेलं.

शेवटची रात्र काशिराजानं सांगितली आहे. सरदार भाऊसाहेबांच्या डेऱ्यात जमले. दोन दिवस पोटात काही नाही, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असं त्यांचं म्हणणं पडलं. विडे घेतले. जे काही धान्य शिल्लक होतं ते त्या रात्री वाटून टाकलं, की लोकांनी एकदा तरी पोटभर जेवावं. शिधा खात्यातला माणूस म्हणून सांगतो, कोठार रिकामं करण्याचा हुकूम देणं ही सगळ्यात जड गोष्ट असते. त्यानंतर उद्याचा शिधा हा विषयच उरत नाही.

आता तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं: मग सूरजमलाचं काय? भरतपूरच्या सूरजमल जाटानं सल्ला दिला होता, की बायका-मुलं, जड सामान, बुणगं मागे एखाद्या भक्कम किल्ल्यात ठेवा आणि सडे होऊन लढा. तो सल्ला चुकीचा होता का? नाही. सल्ला शहाणपणाचा होता. छावणीत खरोखरच यात्रेकरू होते. नाना फडणीस विशीच्या आतला मुलगा, आई आणि बायकोला घेऊन आलेला. उत्तरेची तीर्थं घडावीत हाही त्यात हेतू होता. अशी कुटुंबं मागे ठेवता आली असती तर हजारो पोटं कमी झाली असती, आणि हजारो जीव वाचले असते.

पण यात्रेकरू आणि कामकरी यांना एकाच गोणीत भरू नका. सरदारांची कुटुंबं, तीर्थयात्री, मानकऱ्यांचा लवाजमा हा एक भाग. गवत कापणारा, पखालवाला, दळणारी, बेलदार, वंजारी, नालबंद हा दुसरा भाग. पहिला भाग कमी केला तर फौज हलकी होते. दुसरा भाग कमी केला तर फौज चार दिवसांत बसते. 'बाजारबुणगे' या एका शब्दानं आपण दोघांची सरमिसळ केली. मोठ्यांच्या हौसेचा दोष गरिबांच्या कष्टावर टाकला. अब्दालीच्या गोटातसुद्धा दळणारे, गवत कापणारे, उंट हाकणारे होतेच. त्यांच्याशिवाय कंदाहारहून पानिपतापर्यंत कोणी येऊच शकत नाही. फरक एवढाच की त्यांची वाट उघडी राहिली.

हे फक्त अठराव्या शतकाचं दुखणं नाही. १८० वर्षं पुढं या आणि पूर्वेला चला. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी १९४२ मध्ये ब्रह्मदेश घेतला आणि चीनला जाणारा रस्ता तुटला. मग आसामातल्या लेडोपासून नवा रस्ता बांधायला घेतला. डिसेंबर १९४२ ला काम सुरू झालं, पटकाईचे डोंगर, पांगसाऊ खिंड, महिनोन् महिने पाऊस, मलेरिया. रस्ता फेब्रुवारी १९४५ मध्ये कुनमिंगपर्यंत चालू झाला. अमेरिकेचे सुमारे १५,००० सैनिक त्यावर खपले, त्यात बहुसंख्य कृष्णवर्णीय. आणि स्थानिक मजूर? सुमारे ३५,०००. चहामळ्यांतले, पायोनियर कंपन्यांतले, डोंगरातले.

यांना जेवू घालणं म्हणजे काय, ते आमच्या खात्यात अजून शिकवण्यासारखं आहे. हिंदुस्थानी फौजेत भात खाणारे वेगळे, आटा खाणारे वेगळे. कुणाला हलाल, कुणाला झटका, कुणाला मांसच नको. रस्ता जिथं पोचला नाही तिथं विमानातून तांदळाची पोती टाकत. एका पोत्यात टाकली तर फुटून तांदूळ चिखलात जाई. म्हणून पोत्यात पोतं घालत: आतलं फुटलं तरी बाहेरचं सैल पोतं तांदूळ धरून ठेवी. साधी युक्ती, पण अशा युक्तीवर रस्ते बांधले जातात.

आता मोजदाद बघा. त्या रस्त्यावर अकराशेहून जास्त अमेरिकन दगावले. मैलामागे एक माणूस, असं आजही सांगतात. हा आकडा आहे कारण ते हजेरीपटावर होते. स्थानिक मजूर किती मेले? त्याची पक्की गणती नाही. जग बदललं, युद्ध बदललं, राज्यकर्ते बदलले. मोती आणि मोहरा मोजल्या गेल्या, खुर्दा राहिला.

आणि आज? आज लडाखमध्ये, अरुणाचलात सीमेवरचे रस्ते कोण बांधतंय? सीमा सडक संघटनेचे अधिकारी असतात, यंत्रं असतात. पण दगड फोडणारे, डांबर ओतणारे हात बहुतेक झारखंड-बिहारमधून आलेले असतात. जून २०२० मध्ये, गलवानच्या त्याच महिन्यात, झारखंडमधल्या दुमक्याहून असे मजूर घेऊन लडाखच्या कामासाठी खास रेल्वेगाडी सुटली होती. सोळा-सतरा हजार फुटांवर हा माणूस काम करतो. त्याला भात लागतो. तिथं भात शिजायला वेळ लागतो, जाळ लागतो. त्याच्या भाताची सोय ज्या दिवशी नीट होते त्या दिवशी रस्ता पुढं सरकतो. जवानाला ठरलेला शिधा मिळतो, थंडीत विशेष शिधा मिळतो. त्याच डोंगरावर, त्याच थंडीत राबणाऱ्या मजुराच्या ताटात काय आहे, हा प्रश्न सैन्याच्या बाहेरच्यांनीही विचारला पाहिजे. ती कुणावर मेहेरबानी होत नाही. तो देशाच्या संरक्षणाचाच भाग आहे.

नोकरीत मी तरुण अधिकाऱ्यांना तीन गोष्टी सांगत असे. त्या इथंही सांगतो, कारण लग्नाच्या पंगतीपासून पूरग्रस्तांच्या छावणीपर्यंत सगळीकडे लागू पडतात. पहिली, जेवणारी तोंडं मोजताना राबणारे हात आधी मोजा. वाढपी, आचारी, पाणी भरणारा यांचं पान यादीत पहिलं असू द्या. दुसरी, धान्याबरोबर सरपण आणि पाणी लिहा. नुसत्या धान्याची यादी म्हणजे अर्धी यादी. तिसरी, कोठाराकडे बघून निश्चिंत होऊ नका, वाटेकडे बघा.

पानिपतानंतरची एक गोष्ट सांगून थांबतो. जीव घेऊन पळालेली माणसं दक्षिणेकडे निघाली. अंगावर कपडा नाही, पोटात अन्न नाही, कडाक्याची थंडी. भरतपूरच्या मुलखात पोचली तेव्हा सूरजमलानं आणि राणी किशोरीनं त्यांना जेवू घातलं, कपडे दिले, जखमींची शुश्रूषा केली. ज्याचा सल्ला मानला नव्हता त्यानं. त्या पंगतीत त्यानं शिलेदार कोण आणि बुणगा कोण, असं विचारल्याचं कुठं वाचलेलं नाही. भुकेला आला, त्याला वाढलं.

दरवर्षी १४ जानेवारीला पानिपतच्या काला आंबवर माणसं जमतात. इथून गाडीनं दोन तासांची वाट आहे, जरूर जा. भाऊसाहेबांना, विश्वासरावांना हात जोडा. आणि मग खाली वाकून जमिनीकडेही बघा. त्या मातीत कुठंतरी तो खंदक आहे. तो खणणारे, गवत कापणारे, जाती फिरवणारी, लाकडासाठी गेलेले आणि परत न आलेले, सगळे तिथंच आहेत. त्यांची नावं आता मिळणार नाहीत. पण 'बाजारबुणगे' हा शब्द शिवीसारखा वापरणं आपण आजपासून थांबवू शकतो. तेवढं आपल्या हातात आहे.